आठशेची सावड

खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. आमच्या जळकोटच्या घरापुढे उभी असलेली पांढरी मारुती ८०० लातूरला जून २०१० मध्ये नोंदली गेली, म्हणजे यंदाच्या जूनमध्ये तिची मुदत संपणार होती. संक्रांत झाली आणि घरात विषय निघाला: हिचे काय करायचे? पुण्याचा धाकटा भाऊ म्हणाला, भंगारात द्या, ताईला नवी घेऊ. आई म्हणाली, दारात गाडी नसली की घर बोडके दिसते. आण्णा काहीच बोलले नाहीत. गाडी त्यांनी घेतली होती, निवृत्तीच्या पैशातून. पण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. मी उदगीरच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. जाणे-येणे याच गाडीने होते.

जळकोट हा लातूर जिल्ह्याचा डोंगरी तालुका. बालाघाटाच्या उतारांवर सोयाबीन आणि तूर, एका अंगाला उदगीर, दुसऱ्या अंगाला मुखेड-कंधार. २०२२ च्या एप्रिलमध्ये उदगीरला पंच्याण्णवावे साहित्य संमेलन भरले, तेव्हा नांदेडकडून आलेल्या अनेक वाचकांच्या गाड्या आमच्या गावावरून गेल्या असतील. गावाला रेल्वे नाही. एसटी आहे, पण रात्री आठनंतर कुणाला दवाखान्यात न्यायचे झाले तर वेळापत्रक उपयोगाला येत नाही. अशा गावात मोटार हौसेने घेतली तरी ती लवकरच घरातल्या कामाच्या माणसासारखी होते, आणि ती बंद पडली की ती कोण चालू करील हा प्रश्न ती किती धावते यापेक्षा मोठा ठरतो.

आमच्या गाडीच्या पासिंगची तयारी करताना मी ज्या माणसांत जाऊन पडले, त्यांच्याविषयी हा लेख आहे. जळकोट, उदगीर, मुखेड, अहमदपूर या पट्ट्यातले मारुती ८०० चे मालक रविवारी उदगीर रस्त्यावरच्या एका गॅरेजपुढे, लिंबाच्या सावलीत जमतात. या मंडळाला नाव नाही, अध्यक्ष नाही, पावतीपुस्तक नाही. एक वही मात्र आहे. एकाच प्रकारची छोटी गाडी बाळगणारी अनोळखी माणसे एकत्र का येतात, त्यांच्यात नेमकी देवाणघेवाण कशाची होते, आणि मोठ्या गाड्यांच्या मालकांत ती तशी का दिसत नाही, एवढे तीन प्रश्न मी इथे घेते.

सोलापूरला न मिळालेली गाडी

आधी गाडीविषयी. १४ डिसेंबर १९८३ रोजी तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिल्लीतल्या एका ग्राहकाच्या हाती दिली. तोवर भारतीय मध्यमवर्गासमोर दोनच नावे ठळक होती, कलकत्त्याजवळची अ‍ॅम्बॅसिडर आणि कुर्ल्याची फियाट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही फियाटच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. छोट्या, स्वस्त देशी गाडीचे स्वप्न मात्र जुने होते. आपल्याकडे इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ नावाच्या छोट्या गाडीचे नमुने स्वतःच्या बुद्धीने घडवले. ती कारखान्यात कधी गेली नाही. मारुती आली ती सरकार आणि जपानची सुझुकी कंपनी यांच्या भागीदारीतून. किंमत सुमारे पन्नास हजार रुपये. नोंदणी खुली होताच दोन महिन्यांत लाखाहून अधिक लोकांनी पैसे भरले आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहिली.

गाडीची रचना साधी. पुढे आडवे बसवलेले तीन सिलिंडरचे इंजिन, क्षमता ७९६ घनसेंटिमीटर, म्हणून नाव आठशे. ताकद पुढच्या चाकांना. वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. १९८६ साली तिचे बाह्यांग बदलले, २००० च्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शनची यंत्रणा आली. पण इंजिनाचा मूळ साचा तोच राहिला. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत देशात २५ लाखांहून अधिक आठशे विकल्या गेल्या. एकच इंजिन तीस वर्षे चालू राहिले, ही गोष्ट पुढच्या विवेचनात महत्त्वाची आहे.

मराठवाड्यापुरता या इतिहासात एक चमत्कारिक तुकडा आहे. १ एप्रिल २०१० पासून देशातल्या तेरा शहरांत धुराचे नवे निकष, म्हणजे भारत स्टेज चार, लागू झाले. त्या यादीत महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर ही शहरे होती. आठशेचे इंजिन या निकषांसाठी सुधारायचे नाही असे कंपनीने ठरवल्यामुळे त्या शहरांत तिची विक्री थांबली. उरलेल्या भागात स्टेज तीनच चालत होते, तिथे ती विकत मिळत राहिली. माझी थोरली बहीण तेव्हा सोलापूरला होती. आण्णांची इच्छा तिच्या दारात गाडीची पूजा करायची. पण सोलापूरला जी गाडी मिळेना ती लातूरला मिळाली. तिकडे जिला ‘बंद झालेले मॉडेल’ म्हणत, ती इकडे प्लास्टिकच्या खोळीसकट नवीकोरी मिळत होती.

त्या वेळी सगळ्यांनी आण्णांना वेड्यात काढले होते. एवढे पैसे घालून जुने मॉडेल कशाला? त्यांचे उत्तर मला आठवते. “जी गाडी गावातल्या मिस्त्रीला उघडता येते, ती आपली. बाकीच्या कंपनीच्या.”

एका बैलाचा शेतकरी

आण्णांच्या या वाक्याचा अर्थ मला पंधरा वर्षांनी लागला, तोही शेतीच्या शब्दात.

आपल्याकडे सावड नावाची जुनी रीत आहे. ज्या शेतकऱ्याकडे एकच बैल आहे त्याची पाळी एकट्याने चालत नाही. तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी सावड करतो. आज दोघांचे बैल तुझ्या रानात, उद्या माझ्या. मजुरीचीही सावड असते. खुरपणीला आज आम्ही तुमच्याकडे, परवा तुम्ही आमच्याकडे. यात पैसा फिरत नाही. हिशेब मात्र चोख असतो, आणि फेड त्याच मापाने करायची असते. सहा बैल आणि दोन सालगडी बाळगणारा मोठा शेतकरी सावड करीत नाही, कारण त्याला गरज नसते. पूर्ण भूमिहीनालाही बैलाची सावड करता येत नाही, कारण द्यायला काही नसते. सावड ही मधल्या माणसाची व्यवस्था आहे. त्याच्याकडे थोडे असते, पण पुरेसे नसते.

छोट्या गाडीचा मालक नेमका या जागी उभा असतो. महागड्या गाडीचा मालक बिघाड झाला की कंपनीला फोन करतो. गाडी उचलून नेली जाते, तो बिल भरतो. त्याला शेजारच्या तशाच गाडीवाल्याची ओळख करून घेण्याचे कारण पडत नाही. छोटी गाडीवाला मात्र बिलाचा आकडा आधी विचारतो. गाडी जुनी झाली आणि कंपनीच्या केंद्रात तिचे सुटे भाग मिळेनासे झाले, की तो गावातल्या गॅरेजकडे वळतो. आणि तिथे त्याच्यासारखाच दुसरा कुणी बाकावर चहा पीत बसलेला असतो.

अशी सावड जमायला मला चार गोष्टी लागतात असे दिसते. गाडी पुष्कळ लोकांकडे असावी. ती वर्षानुवर्षे फारशी बदललेली नसावी, म्हणजे एकाचा अनुभव दुसऱ्याला लागू पडतो. ती साध्या हत्यारांनी उघडता यावी. आणि कंपनीचे तिच्याकडचे लक्ष उडालेले असावे. आठशेत या चारही गोष्टी आहेत. हल्लीच्या गाड्यांत पहिली आहे, पण बाकीच्या कमी-कमी होत चालल्या आहेत. बिघाड संगणक जोडल्याशिवाय कळत नाही, आणि तो संगणक लिंबाखाली येत नाही.

वही

मी पहिल्यांदा गेले ती फेब्रुवारीतल्या एका रविवारी. वायपर चालत नव्हता आणि टायर गुळगुळीत झाले होते. पासिंगला दोन्ही नडले असते. आण्णा शेजारी बसले होते. गॅरेजचे चाचा पुढे आले, बॉनेटवर हात ठेवला आणि आण्णांना विचारले, “काय गुरुजी, गाडी कोण चालवतंय आता?”

“तिलाच विचारा,” आण्णा म्हणाले.

चाचा हसले. मग सगळे प्रश्न माझ्याकडे वळले आणि ते मला अपेक्षित होते तसे नव्हते. गाडी किती धावली, कितीला घेतली, असे कुणी विचारले नाही. सकाळी थंडीत किती सेल्फ मारावे लागतात? पाणी किती दिवसांनी घालता? टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला? डिकीत काय-काय आहे? मला पहिल्या प्रश्नाचे उत्तर आले, दुसऱ्याचे अर्धे, तिसऱ्याचे आलेच नाही. डिकीत जॅक होता, त्याचा दांडा नव्हता. कुणी हसले नाही. बाकावर सरकून जागा करून दिली आणि चाचांनी एक जाड, कोपरे झिजलेली वही माझ्यापुढे ठेवली. “पहले इसमें देखो ताई, फिर मेरे को पूछो.”

ही वही एसटीच्या आगारातून निवृत्त झालेल्या एका मेकॅनिकांनी सुरू केली. सगळे त्यांना मामा म्हणतात. आगारात प्रत्येक बसची नोंद ठेवायची त्यांना सवय, तीच त्यांनी इथे आणली. वहीत पाच रकाने आहेत: गाडीचा नंबर, बिघाड, कुठला भाग बसवला, तारीख, आणि शेवटचा रकाना ‘किती चालला’. हा शेवटचा रकाना म्हणजे वहीचा प्राण. कंपनीच्या पुस्तकात काय करावे ते लिहिलेले असते. या वहीत ते केल्यावर पुढे काय झाले ते लिहिलेले आहे. फसलेले प्रयोगही खोडलेले नाहीत. त्यांवर एक आडवी रेघ आहे, अशी की खालचे वाचता यावे.

एक उदाहरण देते. मला टायर हवे होते. आठशेचा टायर १४५/७० आर १२ मापाचा. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा, टायरची भिंत रुंदीच्या किती टक्के उंच आहे. तिसरा, आतल्या चाकाचा व्यास इंचांत. अल्टोचा टायर १४५/८० आर १२. चाक बारा इंचांचेच, रुंदीही तीच, शिवाय अल्टो रस्त्यावर भरपूर असल्याने तो टायर दुकानात सहज मिळतो. बसवला तर काय होते? वहीत याची नोंद होती: “बसतो. मीटर खोटे बोलतो.”

मी घरी येऊन गणित केले. आठशेच्या टायरची भिंत साधारण १०१ मिलिमीटर, अल्टोच्या टायरची ११६. वर आणि खाली मिळून चाकाचा व्यास २९ मिलिमीटरने वाढतो, म्हणजे जवळपास पावणेसहा टक्के. चाकाच्या एका फेरीत गाडी तेवढी जास्त पुढे जाते, पण मीटर फेऱ्याच मोजतो. काटा साठवर असताना गाडी प्रत्यक्षात त्रेसष्टच्या पुढे धावत असते. वेग वाढेल तशी ही तफावतही वाढते, आणि किलोमीटर मात्र कमी भरतात. शिवाय मोठे चाक फिरवायला इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो. चढावर ते कळते. मामांनी हे सगळे तीन शब्दांत लिहून ठेवले होते. मी मूळ मापाचे टायर मागवले, आठवडा थांबले.

दुसरी नोंद ओम्नीची. ओम्नी हीही मारुतीचीच, १९८४ ची, आणि तिचे इंजिन आठशेच्याच कुळातले. ती २०१९ पर्यंत बनत होती, त्यामुळे तिचे भाग अजून मिळतात. नवख्या माणसाला वाटते, मग चिंता कसली? पण ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली आहे आणि जोर मागच्या चाकांना जातो. म्हणजे इंजिनाच्या पोटातले पुष्कळसे एकमेकांना चालते, पण गिअरबॉक्स आणि चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचा एकमेकींशी संबंध नाही. अल्टोचे उलटे. तिचे इंजिन ७९६ चेच आणि जोरही पुढच्याच चाकांना. पण तिच्या सिलिंडरला प्रत्येकी चार व्हॉल्व्ह, आपल्या आठशेला दोनच. वरचे हेडच वेगळे. हे नाते-गोते वहीत एका पानावर वंशावळीसारखे काढलेले आहे. कुणाचे कुणाला चालते, कुणाचे चालत नाही. सोयरीक जुळवताना घरातली म्हातारी माणसे जे करतात तेच.

आता सावडीचा नियम. वहीतून माहिती घेतली की तिची फेड करायची, आणि फेड म्हणजे शेवटचा रकाना भरायला परत येणे. भाग सहा महिने चालला, तर तसे लिहायचे. आठ दिवसांत गेला, तरी लिहायचे. सुट्या भागाची खरेदी-विक्री मूळ किमतीलाच होते. चाचा आपल्या मजुरीचे पैसे घेतात आणि सल्ल्याचे घेत नाहीत. फुकट घेऊन जाणारे इथेही आहेत. त्यांना कुणी बोलत नाही. त्यांच्या नंबरापुढचा रकाना कोरा राहतो, आणि ते पुन्हा आले की मामा वही उघडून त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवतात. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन अभ्यासक बाईंना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचा विषय होता गायराने, पाण्याचे पाट, मासेमारीच्या जागा असे सामाईक साधन लोक स्वतः नियम करून कसे टिकवतात. टिकलेल्या ठिकाणी देखरेख आपल्यातल्याच माणसाची असते आणि पहिली शिक्षा अगदी सौम्य असते, असे त्यांना आढळले. वर्गात मी हे दरवर्षी शिकवते. मामांचे बोट पाहिले तेव्हा ते मला प्रथमच दिसले.

जळकोटपेक्षा लहान गाव

छोट्या गाडीभोवती माणसे जमणे ही आपल्याकडची एकट्याची गोष्ट नाही. इंग्लंडमध्ये १९२२ साली ऑस्टिन सेव्हन नावाची चिमुकली गाडी निघाली. इंजिन ७४७ घनसेंटिमीटर, आठशेपेक्षाही लहान. १९३९ साली तिचे उत्पादन थांबले, आणि त्याच वर्षी तिच्या चाहत्यांनी इंजिनाच्या मापावरून नाव घेऊन ‘७५० क्लब’ काढला. युद्धानंतर या मंडळींनी जुन्या ऑस्टिनचे सांगाडे स्वस्तात घेऊन घरच्या घरी शर्यतीच्या गाड्या बनवल्या. पुढे लोटस कंपनी काढणाऱ्या कॉलिन चॅपमन यांची पहिली गाडीही अशाच एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवर उभी राहिली होती.

इटलीत फियाट ५०० ही १९५७ ते १९७५ या काळात बनली. तिचा आराखडा दान्ते जाकोसा यांचा. आपल्या पद्मिनीची आजी असलेली फियाट ११०० हीही त्यांचीच, त्यामुळे कुर्ल्याची टॅक्सी आणि ही इटालियन पिटुकली या नात्याने बहिणी लागतात. ५०० च्या मालकांचा क्लब १९८४ साली सुरू झाला तो मिलान किंवा तूरिन या शहरांत नाही, तर गार्लेंडा नावाच्या खेड्यात. हे गाव जळकोटपेक्षा लहान आहे. दर उन्हाळ्यात तिथे देशोदेशीच्या ५०० गाड्या जमतात आणि जाकोसा यांच्या नावाचे एक संग्रहालयही गावात आहे.

या दोन्ही ठिकाणी मालकांचा मेळ गाडी बंद झाल्यावर जमला, गाडीवरच्या प्रेमापोटी. आपल्याकडे मुंबईत १९१९ सालापासून वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन आहे; ती सर्वच मोटारमालकांची, आणि त्या काळी मोटारमालक म्हणजे कोण हे सांगायला नको. राजे-रजवाड्यांच्या गाड्या जपणारे क्लबही आहेत. लिंबाखालची आमची बैठक या कुठल्याच जातीची नाही. तिथल्या गाड्या रोज चालतात. एका गाडीत दुधाचे कॅन जातात, एक मुखेडच्या शिक्षिकेची आहे, एक लग्नसराईत नवरदेव आणते. हौस आहेच. एकाने १९९० च्या दशकातल्या आपल्या गाडीचा चोक असा सांभाळला आहे की तो ओढून दाखवताना त्याचा चेहरा बघावा. पण गाडी सोमवारी सकाळी चालू झालीच पाहिजे, या धाकाने ती हौस बांधलेली आहे.

हा फरक कायद्यातही उमटला आहे. २०२१ साली केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडी त्यात नोंदवता येते, तिला वेगळी नंबर मालिका मिळते, पण ती रोजच्या वापरासाठी नसते. म्हणजे १९८३ सालची अगदी पहिली आठशेसुद्धा २०३३ पर्यंत तिथे पोचत नाही. पंधरा वर्षांपर्यंत गाडी नुसती गाडी, पन्नास वर्षांनंतर वारसा. मधल्या पस्तीस वर्षांत तिला वेगळे नाव नाही, फक्त वाढत जाणारे शुल्क आहे. आमच्या बैठकीतल्या बहुतेक गाड्या या मधल्या पट्ट्यात जगतात.

हिशेबाची दुसरी बाजू

इथे थोडे थांबून काही गोष्टी स्पष्ट मांडायला हव्यात, कारण त्यांविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. पंधरा वर्षे झाली की गाडी जप्त होते, हे महाराष्ट्रात खरे नाही. ती चर्चा दिल्ली परिसरातल्या बंदीची आहे. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी तपासणीनंतर पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत अर्ज करता येतो. मोटार वाहन निरीक्षक गाडी पाहतात; विमा, पीयूसी, पर्यावरण कर हे सगळे लागते. चारचाकीच्या या नूतनीकरणाचे केंद्रीय शुल्क एप्रिल २०२२ पर्यंत ६०० रुपये होते, ते ५,००० झाले, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या गाडीसाठी १०,००० झाले. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नवी एचएसआरपी नंबरप्लेटही सक्तीची आहे. आणि गाडी भंगारात द्यायचीच झाली, तर नोंदणी रद्द करून घेतल्याशिवाय देऊ नये. कागदावर ती तुमचीच राहते, आणि तिच्या नंबरावर पुढे काही घडले तर उत्तर तुम्हाला द्यावे लागते.

हे झाले कागदाचे. पण भावाचा मुद्दा कागदाचा नव्हता. “ताई, त्या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही. पत्रा हाताने दबतो. नांदेड रस्त्याला ट्रक कसे येतात तुला माहीत आहे.” त्याचे म्हणणे खरे आहे. साडेसहाशे किलोची ही गाडी ज्या काळात आखली गेली त्या काळात रस्त्यांचे वेग वेगळे होते. धुराच्या बाबतीतही स्टेज तीनची गाडी आजच्या स्टेज सहाच्या बरोबरीला बसत नाही. बैठकीत मी हे बोलून दाखवले तेव्हा कुणी वाद घातला नाही. मामा म्हणाले, “म्हणून तर साठच्या वर न्यायची नाही अन् रात्री हायवेला घालायची नाही. ते वहीत पहिल्याच पानावर लिहिलंय.” लिहिलेले होते.

मला जास्त टोचली ती दुसरी गोष्ट. माझ्या वायपरची मोटर नवी कुठेच मिळेना. शेवटी ती अहमदपूरच्या एका आठशेतून आली. मालक वारले, मुलांनी नोंदणी रद्द करून गाडी द्यायचे ठरवले, आणि ती भंगार केंद्राकडे जाण्याआधी त्यांनी बैठकीला बोलावून घेतले. चौघे जण गेलो. कुणी काचेचे मशिन उतरवले, कुणी मागचा दिवा. त्या घरातल्या बाई ओसरीवर उभ्या होत्या. त्यांनी चहा दिला आणि विचारले, “चालंल का ओ तुमच्या गाडीला?” आमची गाडी चालू राहावी यासाठी दुसरी कुणाची तरी बंद पडावी लागते, हे सावडीचे गणित शेतातल्या सावडीहून वेगळे आहे. बैल एकमेकांचे सुटे भाग होत नाहीत. दर वर्षी वहीतले काही नंबर असे संपतात, आणि उरलेल्या गाड्या त्यांच्यावर थोडी वर्षे काढतात. ही व्यवस्था कायमची नाही. बैठकीतल्या प्रत्येकाला ते माहीत आहे.

मग टिकते काय? माझ्या मते गाडीपेक्षा वही जास्त टिकाऊ आहे, आणि वहीपेक्षा तिचा शेवटचा रकाना. आपल्याकडे कारागिराचे ज्ञान बहुधा हातात राहते आणि हाताबरोबर जाते. या पट्ट्यात ते प्रथमच रकान्यांत, तारखेसह, चुकांसह उतरले. उद्या याच लिंबाखाली बॅटरीवरच्या छोट्या गाड्या उभ्या राहतील. त्यांच्या बॅटऱ्या जुन्या होतील, कंपनीचे लक्ष उडेल, आणि कुणाला तरी विचारावे लागेल: हे बसवले तर किती चालते? तेव्हा प्रश्न विचारण्याची आणि उत्तराची फेड करण्याची रीत माहीत असलेली माणसे इथे असतील का, एवढेच महत्त्वाचे आहे.

मे महिन्यात गाडी पास झाली. निरीक्षकांनी वायपर दोनदा चालवून पाहिला. नव्या आरसीवर २०३० साल आहे. भावाला मी कळवले, तो म्हणाला, पाच वर्षांनी परत बोलू. आण्णांना गाडीत घालून मी त्याच रविवारी गॅरेजवर गेले. चाचांनी वही पुढे केली आणि या वेळी पेनही दिले. मी आमच्या गाडीचा नंबर लिहिला, बिघाड लिहिला, ‘वायपर मोटर, अहमदपूरच्या गाडीची’ असे लिहिले आणि तारीख घातली. पाचव्या रकान्यापाशी पेन थांबले.

“ते आत्ता नाही लिहायचं,” आण्णा मागून म्हणाले. “पावसाळा जाऊ दे.”